दाराजवळचा कोपरा

आई,

"फरशीला ताप आलाय, पट्टी बदल." हे तू स्वयंपाकघरातून ओरडून सांगायचीस आणि मी बादली उचलून गॅरेजकडे पळायचे. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, या घरात एखादं मूल आजारी आहे. आजारी कुणीच नव्हतं. गॅरेजमध्ये काँक्रीटची नवी फरशी घातली होती, तिच्यावर तू ओली गोणपाटं अंथरली होतीस, आणि वाळवंटातल्या त्या हवेत ती तासाभरात अशी कोरडी व्हायची की हात लावला तर टोचायची.

परवा इथे नॉटिंगहॅमला आमच्या गॅरेजची फरशी नव्याने घातली, म्हणून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. बाबा उन्हाळ्यापुरते माझ्याकडे आले आहेत. एकोणऐंशी वर्षांचे झालेत, तब्येत छान आहे, आणि जून महिन्यात स्वेटर घालून घराबाहेर घडीच्या खुर्चीवर बसतात. काम चालू होतं ते चारही दिवस त्यांनी ती खुर्ची सोडली नाही. बिल्डर इथलाच, येईल त्याला इथल्या लाडिक पद्धतीने 'डक', म्हणजे बदक, म्हणणारा. मला डक, तुझ्या जावयाला डक, बाबांनाही डक. काँक्रीट ओतायच्या दिवशी जरा ऊन होतं, अठ्ठावीस डिग्री, तर तो कपाळ पुसत म्हणाला, "आज फारच गरम आहे, डक. काँक्रीटला असलं ऊन मानवत नाही." बाबा मला मराठीत म्हणाले, "सांग याला, एवढ्या गारव्यात आम्ही शाल घ्यायचो." मी सांगितलं नाही. मग त्यांनी स्वतःच सुरुवात केली, "माय वाइफ, शी मेड अ फ्लोअर. इन डेझर्ट. फॉर्टी-एट डिग्री!" मी चहाचं निमित्त करून आत वळले. ही गोष्ट कुठे जाऊन थांबते ते मला ठाऊक आहे. माझ्या लेकीलाही ठाऊक आहे, ती दारातूनच म्हणाली, "आजोबा, ते कॉर्नरचा स्टोरी नको ना परत!"

बाबा सांगतात त्यात चूक काही नसते, पण गोष्ट पुरी नसते. ओमानमध्ये समुद्रापासून खूप आत कंपनीची वसाहत. एका ओळीत आठ क्वार्टर्स, प्रत्येकाला एक गॅरेज. बाबा कंपनीच्या ट्रकांचे मेकॅनिक, आणि सुट्टीच्या दिवशी अर्ध्या वसाहतीच्या गाड्या आमच्या गॅरेजमध्ये उघडून पडलेल्या. तिथल्या फरश्या दोन वर्षांत पिठासारख्या सुटायच्या. तू रोज झाडायचीस आणि रोज केरसुणीखाली तेवढीच पांढरी भुकटी यायची. एकदा झाडता झाडता म्हणालीस, "भर दुपारी ओततात, वर पाणी मारत नाहीत, मग दुसरं काय होणार?" बाबा गाडीखालून म्हणाले, "मग तुम्हीच घाला की, बाईसाहेब." तू केरसुणी खाली ठेवलीस. "घालते. अहो, पण मग मध्ये बोलायचं नाही." गवंड्याची मुलगी तू, आजोबांनी बांधलेल्या प्रत्येक घराच्या कोब्यावर लहानपणी कळशीने पाणी मारलेली. बाबांना वाटलं गंमत चाललीय. पुढच्या आठवड्यात तू कंपनीकडून दोन गवंडी मागून घेतलेस, तेव्हा त्यांना कळलं.

आधी तू सगळी जुनी फरशी उखडायला लावलीस. खालची वाळू आणि खडी भिजवून भिजवून इतकी चोपून घेतलीस की तिच्यावर टाच आपटली तर टाचच दुखावी. तिच्यावर प्लास्टिक, त्यावर सळयांची जाळी, आणि ती जाळी जमिनीला टेकू नये म्हणून खाली दगडांचे तुकडे, एकेक तू हाताने सरकवलेला. पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो बर्फ. नळाचं पाणीच तिथे आंघोळीला चटका देईल असं तापलेलं, त्यात सिमेंट कालवायचं नाही, असं तू ठरवलंस. शेजारच्या गुजराती काकूंपासून शेवटच्या क्वार्टरपर्यंत प्रत्येकीच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे पाणी भरून ठेवले. चार दिवस वसाहतीत कुणी आइस्क्रीम आणलं नाही, ठेवायला जागाच नव्हती. मग एका पहाटे, सूर्य यायच्या आत, बायका ओढणीत आणि पदरात डबे गुंडाळून आमच्या दारात येतात, पिंपात बर्फ दणादण पडतो, आणि तू साडीचा पदर खोचून पिंपात कोपरापर्यंत हात घालतेस. "आता घ्या," म्हणतेस. थोड्या वेळाने मोठा गवंडी म्हणतो, "भाभीजी, माल सख्त हो रहा है, थोडा पानी डालूं?" "एक थेंब नाही! पानी नहीं, हात चलाओ, भैया." तो हसतो आणि खरंच हात चालवतो. दाराकडे हलका उतार, वारा लागू नये म्हणून दोन बाजूंनी ताडपत्र्या, आणि सूर्य वर येईपर्यंत फरशी घोटून तयार. त्याच दिवशी तू तिच्यात सरळ खाचा पाडून घेतल्यास. तडा जायचाच तर त्या रेघेत जाईल, इकडेतिकडे नाही, असं मला समजावलंस. मी तुला त्याआधी कधी पुरुषांना काम सांगताना पाहिलं नव्हतं. आवाज न चढवता सांगत होतीस, आणि ते ऐकत होते.

त्यानंतर सात दिवस गोणपाटं, वरून प्लास्टिक, आणि दर तासाला पाणी. दुसऱ्या दिवशी कंपनीचे देखभालीचे साहेब बघायला आले, वाकून फरशीवर बोटाने टकटक केलं, आणि बाबांना म्हणाले की ही टिकली तर उरलेल्या सातही गॅरेजांच्या कामावर मिसेसनाच उभं करू. तू ओट्याशी भाजी चिरत होतीस. त्या दिवशी भाजी फार बारीक चिरली गेली.

चौथ्या दिवशी पासपोर्टच्या कामाला तुम्हा दोघांना मस्कतला जावं लागलं. मी बारा वर्षांची. तू आपलं मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलंस. पट्टा इतका सैल होता की घड्याळ कोपरापर्यंत घरंगळायचं. "मोठा काटा बारावर आला की पाणी. विसरायचं नाही." दुपारपर्यंत मी विसरले नाही. मग गुजराती काकूंकडे व्हिडिओवर सिनेमा लागला, थोडाच बघते म्हणून गेले, आणि शेवटापर्यंत बसले. मध्ये वारा सुटला होता. परत आले तर दाराजवळच्या कोपऱ्यातलं प्लास्टिक उडून गोणपाट गोळा झालेलं, आणि खालची फरशी पांढरी, फटफटीत, हाताला चटका देणारी. मी घाबरून फ्रीजमधलं गार पाणी आणून तिच्यावर ओतलं. माझ्या डोळ्यांदेखत तिच्यावर केसासारख्या रेघा उमटल्या, इकडून तिकडे, वाळलेल्या तळ्यासारख्या. मी गोणपाट नीट पसरलं, सगळं भिजवलं, आणि तुम्ही आल्यावर म्हणाले, "दर तासाला मारलं." तू आत जायच्या आधी गॅरेजमध्ये गेलीस. गोणपाट उचललंस, त्या कोपऱ्यावर तळहात ठेवलास, थोडा वेळ तसाच. मग उठून माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "घड्याळ दे." एवढंच. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही, त्याहून जास्त तू मला काही बोलली नाहीस.

महिनाभर तू बाबांना गाडी आत आणू दिली नाहीस. त्यांची गाडी बाहेर भाजत होती आणि ते रोज, "आज तरी?" विचारत होते. अखेर गाडी आत आली, साहेबही आले होते, आणि चाकाखाली नेमका तो कोपरा सुटला. हातभर तुकड्याची भुकटी. बाबा म्हणाले, "हे कसं काय?" मी भिंतीला टेकून उभी होते. बाबांना चूक चालायची, खोटं चालायचं नाही. त्याआधी एका क्षुल्लक खोट्यासाठी ते माझ्याशी आठ दिवस बोलले नव्हते, आणि ते आठ दिवस मी कशी जेवत होते ते तू पाहिलं होतंस. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. "मस्कतला जायच्या गडबडीत तिथलं गोणपाट दाबायला विसरले मी," म्हणालीस. साहेब हसून म्हणाले, घरची कामं काय कमी असतात. सात गॅरेजं ठेकेदाराला गेली. दोन वर्षांत ती परत पिठासारखी सुटली, आणि आम्ही तिथून निघालो तेव्हा तुझी फरशी तो एक कोपरा सोडला तर पायाखाली काचेसारखी होती. बाबा मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला हसत हसत दाखवायचे, "हा आमच्या बाईसाहेबांचा कोपरा." तूही हसायचीस.

तर परवा, बिल्डर गेल्यावर, बाबा स्वयंपाकघरात आले. गोष्ट सांगून झाली होती, खुशीत होते. मी चहा पुढे ठेवला आणि म्हणाले, "बाबा, तो कोपरा आईचा नव्हता. मी सिनेमा बघायला गेले होते. माझ्यामुळे गेला तो."

"काहीतरीच."

"खरंच. आईने मला वाचवलं."

"अगं, ती स्वतः म्हणाली माझ्यासमोर. विसरले म्हणाली."

"ते खोटं होतं, बाबा."

त्यांनी कप खाली ठेवला. रागावले नाहीत. उलट मुलांच्या चुकीच्या गणिताकडे बघावं तसं बघत म्हणाले, "तुझी आई विसरायची, हे कबूल. पण माझ्याशी खोटं? तीस वर्षांत एकदाही नाही. आईचं नाव राखायला तू आता या वयात खोटं बोलायला लागलीस होय?" मग चहाचा घोट घेतला. "साखर विसरलीस. हे मात्र तिचंच घेतलंयस."

मी साखर घातली. काय करणार? त्यांच्याकडे तू आहेस ती अशी आहेस: एक कोपरा विसरलेली आणि कधीही खोटं न बोललेली. माझ्याकडे आहेस ती बरोबर उलट. मी तुझी फरशी पुरी करून द्यायला गेले तर त्यांच्या हातून दुसरं काहीतरी काढून घ्यावं लागतं, आणि तेच त्यांना जास्त प्रिय आहे. एक गोष्ट कबूल करते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. बारा वर्षांची असताना भिंतीला टेकून उभी होते, तेव्हा वाटलं होतं अगदी तसं. म्हणून हे लिहून काढलं. हे बाबांना दाखवणार नाही, कुठे पाठवायचाही प्रश्न नाही. लिहून झालं की घडी घालून माझ्या कपाटात जाईल.

पण ते सप्टेंबरपर्यंत इथे आहेत. रोज चहाला समोर बसतात. पुन्हा एकदा, या वेळी नीट, सिनेमाच्या नावापासून गार पाण्यापर्यंत सगळं सांगितलं तर त्यांना पटेल, असं मला वाटतं. त्यांच्या डोळ्यांत तू एकदा खोटं बोललेली होशील, पण ती फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत तुझी होईल. तू नाहीच म्हणणार, हे लिहितानाही दिसतंय मला. मान न हलवता, नुसतं माझ्याकडे न बघता म्हणशील. तरी विचारते. आई, मला त्यांना सांगू दे.