अबकरावांचे नऊ स्वेटर

२ सप्टेंबर, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. उद्या कोणी मुलाखत घ्यायला आलं तर तारखा हाताशी असाव्यात. ऑनलाइन बिझनेसचं दोन दिवसांचं शिबिर काल संपलं. सर्टिफिकेट फ्रेम करायला टाकलं. ही म्हणाली, आधी एक तरी क्लायंट येऊ दे. हिला व्हिजन नाही.

३ सप्टेंबर
क्लायंट मिळाला. हिची मावशी. एकट्याच असतात. जिन्याखालच्या गाळ्यात चाळीस वर्षं स्वेटर विणतायत. गिऱ्हाईक सगळं ओळखीचं, मापं वहीत, आणि दर वर्षी शाळेची साठ स्वेटरची ऑर्डर. त्यावरच घर चालतं. म्हटलं, मावशी, तुम्ही डबक्यात आहात. म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही म्हणाल तसं. क्लायंट असा पाहिजे.

६ सप्टेंबर
स्टोअरचं काम जोरात. रंग निवडला. निळा.

९ सप्टेंबर
रंग बदलला.

१२ सप्टेंबर, दुपारी
स्टोअर तयार! ऑर्डरचं बटण चालतं का बघायला स्वतःच नऊ ऑर्डरी टाकल्या. नाव अबक, पत्ता अबक. छातीचं माप आधी ११ इंच, मग २२, असं करत ९९. एकच कळ दोनदा दाबली की काम झालं. पैसे माल मिळाल्यावर. बटण झकास चालतं. उद्या सकाळी उठल्या उठल्या या ऑर्डरी पुसायच्या आणि ‘लवकरच येत आहोत’चं कुलूप काढून स्टोअर लोकांना खुलं करायचं.

१३ सप्टेंबर
पाठ धरली. विश्रांती हाही कामाचा भाग आहे.

२० सप्टेंबर
मावशींना काल मोबाइलवर स्टोअर चालू करून दिलं होतं. आज त्यांचा फोन. नऊ ऑर्डरी आल्यात म्हणे! मी उडालोच. शिबिराच्या सरांना तीन महिन्यांत चार मिळाल्या होत्या. हिला ऐकवलं. मी स्वतः ऑर्डरी उघडून बघितल्या नाहीत. तपशील कारागिराने बघायचा, आपण आकडा.

२३ सप्टेंबर
मावशींच्या शंका. नऊही स्वेटर एकाच माणसाचे, कोणी श्री. अबक. नव्व्याण्णव इंच छाती कशी असेल, एकदा विचारून घेऊ का? मी ठणकावलं, ऑनलाइन गिऱ्हाईकाला उलट प्रश्न विचारायचा नाही. शिबिराचा नियम चार. मावशी म्हणाल्या, बिचाऱ्याला कुठेच मापाचं मिळत नसेल.
नाव मलाही ओळखीचं वाटलं. बडी असामी असणार.

१ ऑक्टोबर
शाळेच्या बाई नेहमीप्रमाणे ऑर्डर घेऊन आल्या. मी मावशींना नाही म्हणायला लावलं. हात भरलेले आहेत! बाई दुसरीकडे गेल्या. मावशींचं तोंड एवढंसं झालं.
गाळाही सोडायला लावला. ऑनलाइनला दुकान लागतं कशाला? बोर्ड उतरवताना मावशी रडल्या. फोटो काढून ठेवला. ‘बदलाचा क्षण’ म्हणून कुठेतरी वापरता येईल.

१५ ऑक्टोबर
मावशींच्या घरी गेलो. मनगटाला पट्टा बांधून विणतायत. नव्व्याण्णवचा स्वेटर पलंगावर मावत नाही. अकराचा सगळ्यात आधी झाला, बाळ गारठायला नको म्हणून. त्याला बदकांची बटणं. घरात कोण कोण आहे ते त्यांनी ठरवूनच टाकलंय. अकरा म्हणजे बाळ, बावीस थोरली, सहासष्ट आजी, नव्व्याण्णव आजोबा. म्हणाल्या, भरलेलं घर आहे हो, सगळ्यांना एकदमच घेतले.
क्लायंट भावनेच्या आहारी जातोय. एकदा स्पष्ट बोललं पाहिजे.

२ नोव्हेंबर
नऊ पार्सलं रवाना. आता पुढची लाट. सर्टिफिकेटची फ्रेम आली.

९ नोव्हेंबर, सकाळी ११
नऊच्या नऊ पार्सलं परत! परतीचा पत्ता माझा आहे, ‘हेड ऑफिस’ म्हणून मीच टाकला होता. शेरा: असा पत्ता नाही. कुरियरवाल्यांचा निव्वळ हलगर्जीपणा. सोडणार नाही.

११.४०
तक्रारीसाठी ऑर्डर उघडली. तारीख १२ सप्टेंबर, दुपार.

११.४५
ही वही मागे उलटली.

१२.०५
चूक तांत्रिक आहे. स्टोअरला कुलूपही अजून तसंच आहे, म्हणजे खरी ऑर्डर येणं शक्यच नव्हतं. म्हणजे स्टोअर अपयशी ठरलेलं नाही, हे लक्षात घेतलं पाहिजे. ही म्हणाली, आजच्या आज जाऊन मावशीला सांगा.
उद्या.

१० नोव्हेंबर
गेलो. जिन्याखाली आता मोबाइल कव्हरचं दुकान. वाक्य पाठ करून गेलो होतो. मावशींनी दार उघडलं आणि पहिलाच प्रश्न, आजोबांना बसला का हो? म्हणालो, बसला. अगदी मापात. बाळाला? शोभून दिसतो म्हणालो. मावशी इतक्या हसल्या की पाठ केलेलं वाक्य घेऊन तसाच परत आलो. जेवताना हिने बाळाचा स्वेटर माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला.
उद्या नक्की.

१७ नोव्हेंबर
उद्या.

२४ नोव्हेंबर, सकाळी १०
आणखी एक पार्सल परत आलं. आजोबांसाठी टोपी. सोबत मावशींच्या हातची चिठ्ठी: ‘उरलेल्या लोकरीची आहे, पैसे नकोत. पुढची ऑर्डर लवकर द्या. सध्या हात मोकळे आहेत.’
टोपी घालून पाहिली. पार खांद्यापर्यंत आली. आत काहीच दिसत नाही. बराच वेळ काढली नाही.