झऱ्यावरची पोती

११ एप्रिल

शी! दोनदा साबण लावला, राखेनं घासले, तरी हाताचा वास जात नाही.

सकाळी पाण्याला गेले तर झऱ्याच्या वरच्या घळीत पोती पडलेली. एक ओढून काढायला गेले तर हातातच फुटलं. आत मेलेल्या कोंबड्या — फुगलेल्या, पिसं गळालेल्या. अळ्यांनी पोतं हलत होतं. हलत होतं! हंडा तिथंच टाकला आणि बाजूला जाऊन ओकले.

खाली आमचं पिण्याचं पाणी. सगळ्या वाडीचं.

यांना सांगितलं. तर म्हणाले, "घाटरस्ता हाय. टाकलं असंल कुणीतरी." आणि चहा मागितला.

१२ एप्रिल

शेजारच्या रतनआत्यांना घेऊन घळीत गेले. सत्तरी ओलांडलेली बाई, पण मागं हटली नाही. तोंडाला पदर बांधून पोती ओढली आणि लांब माळावर पुरली. खाली आणखी काय काय निघालं — पत्रावळ्या, दारूच्या बाटल्या, पोरांचे वापरलेले डायपर. लोक शनिवार-रविवारी डोंगर बघायला येतात आणि हे ठेवून जातात!

"आमी पोरी व्हतो तवा हितं चूळबी भरत नव्हतो," आत्या म्हणाल्या. "थुकायचं तर लांब जायाचं."

नंतर त्यांनी झऱ्याला हात जोडले. मला ते बघवेना.

१५ एप्रिल

पुन्हा पोती. किळस येते माणसांची.

१८ एप्रिल

ऊन असं की पत्र्याखाली उभं राहवत नाही. आमच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये रोज कोंबड्या मरतायत. हे दिवसभर पत्र्यावर पाणी मारतात, गोणपाट भिजवतात. दया येते. मर, म्हणजे मेलेल्या कोंबड्या, रोजच्या रोज शेडमागं खड्ड्यात पुरतो म्हणाले, चुना टाकून. पिल्लं देणाऱ्या कंपनीच्या साहेबानं तसंच सांगितलंय.

संध्याकाळी पारावर वाडीतला पप्पू सगळ्यांना सांगत होता, "त्यो भोरचा मुबारकच टाकतोय. चिकनवाला दुसरा कोण येतो हितनं?" मुबारकभाईंचं भोरला दुकान आहे. घाटातल्या हॉटेलांना माल द्यायला टेम्पो घेऊन जातात. मलाही पटलं. मीसुद्धा मनात शिव्या घातल्या.

२० एप्रिल

रतनआत्यांना पहाटेपासून जुलाब. उलट्या. डोळे आत गेले. मी पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं होतं, पण "झऱ्याचं पानी कुठं उकळायचं आस्तंय व्हय!" म्हणाल्या होत्या.

एसटी दुपारची. रस्त्यावर हात करत उभी राहिले. दोन गाड्या काचा वर करून निघून गेल्या. तिसरा टेम्पो मुबारकभाईंचा. हॉटेलचा माल तसाच ठेवून त्यांनी टेम्पो उलटा फिरवला. "वहिनी, आत्याला पुढं बसवा, मधी धरून ठेवा." दवाखान्यात त्यांनीच उचलून आत नेलं. सलाईन लागली. वाचतील म्हणाले डॉक्टर.

ज्याला शिव्या घातल्या त्याच्याच टेम्पोत बसून गेले.

२२ एप्रिल

आज पोरांनी मुबारकभाईंचा टेम्पो अडवला. आरडाओरडा ऐकून मी रस्त्याला गेले, तोवर काच फुटली होती. पप्पूनं गचांडी धरलेली. "म्हातारी मरता मरता वाचली तुज्यामुळं!"

ते सारखं एकच म्हणत होते, "मी न्हाई टाकत रे. माझा कचरा नगरपालिकेची गाडी नेती." दोघांनी कानाखाली मारल्या. ओठ फुटला. मी ओरडले, "त्यांनीच आत्यांना दवाखान्यात नेलं!" कुणी ऐकेना.

हे तिथंच होते. पुढं. हाताची घडी घालून.

२३ एप्रिल

जेवणाचं ताट तसंच उचलून ठेवलं.

२५ एप्रिल

हे औषध आणायला भोरला गेले. मी शेडमागं गेले. का गेले, सांगता येत नाही. टेम्पो अडवला त्या दिवसापासून यांची ती हाताची घडी डोक्यात टोचत होती.

खड्डा कोरडा. तळाला पाचोळा पडलेला. चुन्याची पिशवी कडेला, शिवण उसवलेलीसुद्धा नाही.

पिशवी उचलून घरात आणून ठेवली.

हे परत आल्यावर विचारलं. आधी रागावले, मग नजर चुकवली. "या उन्हात रोज कोण उकरणार? खडक लागतो खाली. घळ जवळ पडती."

"आत्या मरत होत्या."

"मेली का? न्हाई ना?"

"आणि मुबारकभाई? तुम्ही समोर उभे होता!"

"त्यो काय आपला हाय?"

असं म्हणाले. सहज. दात कोरत.

पोत्यातल्या अळ्या बघून ओकले होते. आज तेही होईना. याच माणसाला मी रोज भाकरी वाढते. याच्या शेजारी निजते.

२८ एप्रिल

"गप ऱ्हा. कंपनीला कळलं तर पिल्लं बंद. मग खा दगड." दिवसातून दोनदा तरी ऐकते. खोटं नाही ते. आमच्या लेकीचं, प्रेरणाचं कॉलेज त्या शेडवरच चाललंय.

आत्या घरी आल्यात. हाडांचा सापळा झालाय. मला म्हणतात, "तू व्हतीस म्हनून वाचले गं." मान वर करता आली नाही.

घळीत आणखी पोती. वाडीतल्या बायका आता त्या वाटेनं नाकाला पदर लावून जातात आणि मुबारकच्या नावानं बोटं मोडतात.

१ मे

ग्रामसभा. सरपंच चिमाजीअण्णांनी ठराव वाचला — मुबारकचा टेम्पो गावच्या हद्दीत थांबू द्यायचा नाही, पोलिसात तक्रार द्यायची. हात वर करा म्हणाले. सगळे हात वर. यांचाही.

मी उठले. "पोती त्यांची नाहीत."

"मग कुणाची?"

लग्नातल्या उखाण्यानंतर यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. आज चारचौघांत घेतलं. आडनावासकट.