चुलीवरची तुळई

ती. अप्पांना मल्लेशचा शरणार्थ.

मी इथं इंग्लंडात बरा हाय. थंडी लई, पण कोट मिळालाय. तुमचा गुडघा कसा हाय? फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाई, म्हणून लिहून राहिलो. वहिनी वाचून दाखवतील.

सध्या एका शेतकऱ्याचं लई जुनं घर दुरुस्त करून राहिलोत. लाकडाचे खांब, तुळया, मधी कुडाच्या भिंती, वरून माती लिंपलेली. माळ्यावर चढलो तर तुळया काळ्याकुट्ट. मी आपलं दसऱ्याच्या साफसफाईसारखं ओलं फडकं मारलं. मिस्त्री वरडला, "मॅल, हात काढ!" इथं मला मॅल म्हणतात. मग त्यानं समजावलं. पूर्वी घरात मधोमध चूल पेटायची न् धूर सरळ छपरात जायचा. धुराडं न् वरचा मजला मागून केला. तुळयांवरचा काळा थर त्याच चुलीचा धूर, म्हणून कुणी पुसत न्हाई.

ऐकून मला आपल्या घरची चूल आठवली.

अव्वा गेली, आता गॅसच हाय, म्हणून दादा सैपाकघर ऑइलपेंटनं रंगवणार म्हणं. मी फोनवर नको म्हणलो तर हसला, "काजळी काय जपायची, येड्या?"

अप्पा, बाकी सगळं रंगवू द्या. चुलीवरची तुळई तेवढी राहू द्या. साफसफाईत अव्वाचा हात तिथवर कधी पुरला न्हाई, म्हणून तिच्या चुलीचा धूर अजून तिथं हाय. पोटचा पोरगा असून मला तिच्या मातीला येता आलं न्हाई. आलो की तिथं बसायचं हाय.

दादानं रंगाचा डबा उघडायच्या आत त्याला सांगा. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा धाकटा,
मल्लेश