वसई पापलेट्सचा बर्फ

७ सप्टेंबर, सकाळी
पेपरात आलंय. आइस हॉकीच्या लीगमध्ये यंदा दोन नवे संघ, त्यातला एक वसईचा. हायवेजवळच्या बंद कोल्ड स्टोरेजमध्ये बर्फाचं मैदान होणार. त्याला रिंक म्हणतात. आइस हॉकी मला ठाऊक नाही, पण बर्फ ठाऊक आहे. नायगावच्या बर्फाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं लाद्या काढतोय. त्याआधी वडिलांबरोबर मिठागरावर होतो. वसईत बर्फाला माणूस हवा म्हटल्यावर दुसरं कोणाचं नाव येणार? अर्ज केला. जूचंद्रला चंडिकामातेपुढे नारळ ठेवला. मागितलं काही नाही. फक्त पद कानावर घातलं : बर्फप्रमुख.

१९ सप्टेंबर
संघाचं नाव सुचवायची स्पर्धा होती. मी ‘चंडिका वीर’ दिलं. निवडलं ‘वसई पापलेट्स’. सुचवणारा पापडीचा स्टॅनी. कारखान्यात माझ्या हाताखाली होता. दोनदा लादी पायावर पाडून घेतली, मग गल्फला गेला. परत आल्यापासून सेंट मारून फिरतो. प्रमोदिनी म्हणाली, पापलेट बरंय हो, ऐकूनच भूक लागते. स्वतःच्या बायकोने असं म्हणावं!
मत्सर वाईट. माझ्यात तो नाही. आज देवळात पाऊण तास बसून तपासून पाहिलं.

२ ऑक्टोबर
मुलाखत. मालकीणबाई अश्लेषा मॅडम. पाच प्रश्न विचारले, चार इंग्रजीत. पाचव्याचं उत्तर मी उत्तम दिलं.
बर्फप्रमुख : स्टॅनी. गल्फच्या मॉलमध्ये सहा वर्षं रिंक सांभाळायचा म्हणे. मॉलमधला बर्फ! शेजारी लोक पिझ्झा खात बसतात.
मला हंगामी मदतनीस म्हणून घेतायत. नाही म्हणणार होतो. स्टॅनी म्हणाला, दादा, तुम्ही असलात की मला धीर येतो. म्हणजे काम माझ्या जिवावर, पद त्याचं. संघाकडे बघून हो म्हटलं.

२६ ऑक्टोबर
पहिला सामना, दिल्लीशी. ०-११.
आपले चार खेळाडू लडाखचे, बाकी वसई-विरारचे चाकांच्या स्केट्सवाले. बर्फावर थांबायचं कसं, हे त्यांना अजून जमत नाही. भिंतीवर आदळून थांबतात. गोलकीपर उमंग विरारचा, भला मुलगा. प्रत्येक गोलनंतर समोरच्याला सॉरी म्हणतो.

२७ ऑक्टोबर
पेपर : ‘संघ कच्चा, बर्फ मात्र काचेसारखा.’ सोबत स्टॅनीचा फोटो. हातात माझा खराटा.

९ नोव्हेंबर
०-९. प्रगती आहे. स्टॅनीची बायको एलिना सगळ्यांना घरचा केक वाटत होती. मी उपास सांगितला. नंतर आठवलं, उपास काल होता. केकचा वास चांगला होता.

१६ नोव्हेंबर
०-१४. आज जपाला बसलो असताना कारण सापडलं. बर्फ थंड कमी पडतोय. मासे भरताना आमच्याकडे बर्फात खडेमीठ मारतात, थंडी दुप्पट होते. कुल्फीवालासुद्धा तेच करतो. गल्फमध्ये हे कोण शिकवणार?
स्टॅनीला सांगितलं. तो सगळ्यांसमोर हसला. म्हणाला, अहो दादा, वर माणसं खेळतात, बोंबील नाही. उमंगही हसला. चौदा गोल खाल्लेला माणूस!
संकल्प : आपण करून दाखवायचं. कोणाला सांगायचं नाही. श्रेयाचा मोह नको.

२३ नोव्हेंबर, सकाळी ७
झालं. स्टॅनी चर्चमध्ये मिस्साला गेला होता. मिठागरावरचं खडेमीठ, दोन गोणी. भात पेरावं तसं पेरलं. तोंडाने देवीचं नाव चालू होतं. आज परत दिल्लीशी सामना.

सकाळी ११
थंडी नक्की वाढलीय, हात लावला तर चटका बसतो. पण वर पाणी दिसतंय. वॉचमन शत्रुघ्न दारातूनच ओरडला, आरं श्रीपत, सगला पानी झाला!
खारं पाणी गोठत नाही हे मी कारखान्यात अठ्ठावीस वर्षं बघतोय. पण ते लाद्यांच्या साच्यांभोवतीच्या टाकीत.

दुपारी १
स्टॅनीने थंडीचं मशीन फुल केलंय. वरचा थर खरवसासारखा. मला विचारलं, दादा, तुम्हाला काही कळतंय का? मी म्हटलं, तू प्रमुख.

२४ नोव्हेंबर
जिंकलो! १-०!
दिल्लीवाले वेगात यायचे, रुतायचे, आपटायचे. आपले मुळात हळू, त्यांना फरकच पडला नाही. शेवटी चकती, म्हणजे यांचा चेंडू, पाण्यात अडकली, तिघांनी मिळून ढकलत आत नेली. पापलेट्सचा पहिला विजय.
अश्लेषा मॅडमनी जाहीर केलं की मऊ बर्फ ही स्टॅनीची शक्कल. तो नाही नाही म्हणत होता. लोक म्हणाले, किती नम्र! रविवारी त्याचा सत्कार.

२७ नोव्हेंबर
प्रमोदिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, देवाने झाकलंय तर तुम्ही कशाला उघडताय, गप बसा. बरोबर आहे. संकल्प : मौन. केलं ते देवीने, मी निमित्त.
निमित्ताला निदान शाल तरी असावी, असं मनात आलं. जप वाढवला.

३० नोव्हेंबर, सत्काराहून आल्यावर
नारळ दिला तोवर मौन टिकलं. हारही सोसला. शाल उघडली आणि मी माइकपाशी होतो.
सगळं सांगितलं. मीठ मी टाकलं, कोणत्या मिठागराचं, किती, कसं. पुरावा हवा म्हणून रिकामी गोणी उंच धरली. टाळ्यांसाठी थांबलो. पहिल्या रांगेत लीगचे दोन निरीक्षक बसले होते. ते लिहून घेऊ लागले. उमंग हेल्मेट घालून बसला. शाल स्टॅनीच्याच खांद्यावर राहिली, काढायचं कोणाला सुचलं नाही.

४ डिसेंबर
लीगचं पत्र आलं. सामना रद्द, गुण काढून घेतले. पापलेट्स पुन्हा शून्यावर. स्टॅनी निर्दोष. बर्फात भेसळ करणाऱ्याला रिंकवर कायमची बंदी.
पत्र तीनदा वाचलं. स्टॅनीचं नाव चार ठिकाणी आहे, वडिलांच्या नावासकट. माझ्या जागी ‘एक हंगामी मदतनीस’ एवढंच.
लीगला अर्ज लिहिलाय. बंदी मान्य आहे, कृपया नाव घालावे.