दारापर्यंत आलेली मावशी

२० मे

प्रिय ताई,

सलाम. तू बरी असशील, रात्रपाळीनं पाय सुजत नसतील अशी आशा. इकडे सगळं ठीक. दुकानात शाळेच्या गणवेशांची झुंबड आहे, मशीनचा पट्टा पुन्हा तुटला आणि तुझ्या भाच्यानं मिशा राखल्यात. हसलेलं चालत नाही.

हल्ली सोमवारी दुपारी मी दुकान बंद ठेवते. नाल्यापलीकडच्या वस्तीत आजाऱ्यांकडे जाते. एकटी नाही, चर्चमधल्या लोकांबरोबर. हो, त्याच चर्चमधल्या. पत्र फाडू नकोस, पुढे वाच.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा दर रविवारी तिच्यासाठी प्रार्थना व्हायची आणि आपला उंबरा कुणी ओलांडत नव्हतं, हे मी विसरलेले नाही. त्या रागानं तू गाव सोडलंस, नर्स झालीस. मीही कित्येक वर्षं तिकडे फिरकले नाही. पण नव्या पाळकबाई पूर्वी दवाखान्यात कामाला होत्या. आजाऱ्याचं कसं करायचं ते त्या शिकवतात असं एका गिऱ्हाइकानं सांगितलं, म्हणून मागे उभी राहून ऐकायला गेले. बाई म्हणत होत्या, डॉक्टर वस्तीत कधीमधी येतो, पण माणूस आजारी रोज असतो. मधल्या दिवसांचं काय?

मग बसलेच. हात कसे धुवायचे, लुळ्या माणसाला चादरीनं कुशीवर कसं वळवायचं, डॉक्टरला कधी बोलवायचं, सगळं शिकलो. शिकणारे कोण, तर मी शिंपीण, घड्याळं दुरुस्त करणारे काका, शाळेतली शिपाईबाई. आणि पाववाल्या मावशी.

ताई, मला जोडीदार म्हणून त्याच मिळाल्या. आईच्या वेळी पायरीवर पाव ठेवून पळायच्या आणि तू ते पाव रस्त्यावर भिरकावले होतेस, त्याच.

पहिल्या दिवशी आम्ही एका म्हाताऱ्या धोबिणीकडे गेलो. अर्धं अंग लुळं, पाठीला जखमा, सून दिवसभर कारखान्यात. मी आत गेले आणि मावशी दारातच थबकल्या. माझ्या मस्तकात तिडीक गेली. म्हटलं, इथेही तेच.

तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या आईच्या वेळी कितीदा तरी दारापर्यंत आले गं. आत येऊन काय करायचं तेच कळायचं नाही. माझ्या हातून तिला काही झालं असतं तर?"

खोटं कशाला बोलू, माझा राग काही लगेच गेला नाही. पण म्हातारी एका कुशीवर अवघडून कण्हत होती. मी म्हटलं, "त्या बाजूनं चादर धरा."

त्यांनी धरली. अगदी शिकवलं तशीच धरली. आम्ही दोघींनी तिला वळवलं. म्हातारीनं एक डोळा उघडून विचारलं, "या पाववाल्या ना? एक बाजू भाजून झाली वाटतं माझी." मावशी हसता हसता रडायला लागल्या. मीही रडले, पण का ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आता तिच्या जखमा भरत आल्यात. उशीला टेकून बसते आणि आम्हाला नावं ठेवते. सूनही आमचं बघून वळवायला शिकली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पावसाळ्यानंतर नवे लोक शिकायला येणार आहेत. जखमा बांधायला शिकवणारं माणूस हवंय. पाळकबाईंनी तुझ्याबद्दल विचारलं, मी दोन आठवडे विषय टाळला. मग मावशीच म्हणाल्या, तिला लिही, ती मला बोलली तरी चालेल.

तू सगळ्यांना माफ करावंस असं मी म्हणत नाही. मलाच ते पुरतं जमलेलं नाही. पण आपल्या आईच्या वेळी जे कुणालाच येत नव्हतं, ते तुला येतं. आलीस तर माझ्याकडेच राहा. नाही आलीस तरी सोमवारी आम्ही जाऊच, येतं तेवढं करू.

फक्त माझ्यावर रुसू नकोस. ते मात्र मला सोसणार नाही.

तुझीच,
धाकटी