तात्यांच्या हातचा पेरू

वरकुटे, मंगळवार, संध्याकाळ

माझ्या कादंबरीची नवी आवृत्ती घेऊन आज चुलत्यांकडं, तात्यांकडं गेलो. गावात निवडणूक आली की तात्या दोन्ही गटांना बागेत बोलवायचे, एकच पेरू कापून अर्धा-अर्धा द्यायचे. निम्मं भांडण तिथंच मिटायचं. ती रीत मी कादंबरीतल्या खुनी पुढाऱ्याला दिली. का दिली? प्रसंग रंगला म्हणून!

पुस्तक गावभर वाचलं गेलंय, यंदा निवडणुकीला बागेत कुणीच आलं नाही, असं चुलती दारातच म्हणाली. तात्या मात्र रागावले नाहीत.

"वाचलं मी. चांगलं लिवलंय."

निघताना त्यांनी अख्खा पेरू माझ्या हातात ठेवला.

"तूच काप. माझ्या हातचा आता कुणी खात न्हाय."

पेरू समोर टेबलावर आहे. सुरीही आहे. कापवत नाही.