असोद्याचं वांगं डोळे मिटून ओळखतो

सोमवार, १३ फेब्रुवारी १९५६. असोदा.
आजपासून राग बंद. फायनल. संकट आलं की आधी तांब्याभर पाणी प्यायचं, मग तोंड उघडायचं. प्रमिलाचं लग्न जमत नाही याचं खापर सगळं घर माझ्या डोक्यावर फोडतं. पोरीने बाविशी गाठली. दोन स्थळं मोडली, त्यात माझी चूक शून्य. पहिला गृहस्थ माझ्याच शेतात बसून, माझंच भरीत चापत म्हणाला, वांगं असावं तर बामणोदचं! हाकललाच. असोद्याचं वांगं मी डोळे मिटून, नुसत्या वासावर ओळखतो. दुसरा गृहस्थही हात धुताना तेच बोलला. त्याची गाडी मी स्वतः जुंपून दिली.

येत्या रविवारी भडगावचे लीलाधरभाऊ मुलाकरता प्रमिलाला पाहायला येणार. यावेळी मी गारेगार.

मंगळवार, १४. दुपार.
सकाळपासून शेजाऱ्याचा बोकड, पोस्टमन आणि माझा धाकटा भाऊ सुपडू, तिघांनी डोकं फिरवलं. दोघांना पाण्यावर निभावलं. सुपडूला तांब्या फेकून मारला. लागला नाही. म्हणजे कंट्रोल येतोय.

शुक्रवार, १७.
अचानक संकट. बायको म्हणते, ढवळ्या बैल लंगडून रायला, तुम्ही साक्रीले जा, बाजारात दुसरा पाहा, इथलं मी पाह्यते. मी म्हटलं, धुरपदा, रविवारी पाहुणे आहेत. तर म्हणे ते पुढच्या रविवारी येतील, सुपडूजवळ निरोप आला. बैल मला तरी धड दिसला. पण संकटाला तोंड द्यायचं म्हणजे द्यायचं. निघतो.

रविवार, १९. साक्री.
धुळ्याच्या स्टँडवर माझ्यादेखत एस.टी. सुटली. कंट्रोलरला सुनावलं. जवळ पाणी नव्हतं, त्याला मी काय करणार! इथे आज बाजारच नाही. धुरपदाला एवढंही माहीत नसावं? तरी शांत. चहावाल्याशी भांडण झालं, पण किरकोळ.

मंगळवार, २१. असोदा.
दगा! लीलाधरभाऊ रविवारीच येऊन गेले. प्रमिला पसंत. साखरपुडा चार मार्चला, भरीत आपल्याच शेतात. सगळं माझ्या पाठीमागे! आणि ढवळ्या टुणटुणीत. धुरपदाला जाब विचारला तर म्हणाली, तुम्ही घरी नव्हते म्हणून जमलं. माझ्या मुलीचं लग्न, आणि ते मी नसल्यामुळे जमलं!

पाणी आठवलंच नाही. शेतात गेलो, ढवळ्याचं दावं सोडून फेकलं. म्हटलं, पाय बरा झाला ना, मग चाल! तो थेट वांग्यांत शिरला. जोडीचा बैलही सुटून त्याच्यामागे.

बुधवार, २२.
वांगी साफ तुडवली. साखरपुड्याला घरचं वांगं नाही. चूक बैलांची. सुपडूला बजावलं, गावातून मागून आण, पण बामणोदचं एक जरी वांगं शेतात दिसलं तर साखरपुडा गेला खड्ड्यात. हे ऐकून प्रमिला चुलीपुढून डोळे पुसत उठून गेली. धूर फार होता.

रविवार, ४ मार्च.
कपाशीच्या वाळक्या पराट्या मी पेटवल्या, वांगी सुपडूने भाजली. मला जवळ येऊ देईना. पंगत बसली. पहिल्याच घासाला मी हात वर केला आणि डोळे मिटून सगळ्यांना सांगितलं, हे असोद्याचं! हा वास दुसऱ्या गावाच्या वांग्याला जन्मात यायचा नाही!

सुपडूने मान खाली घातली. लीलाधरभाऊ भोळेपणाने म्हणाले, नाना, हाई त बामणोदनं वांगं शे, गावमा भेटनं नही, सुपडूभाऊनी आतेच सांगं.

तांब्या उचलला. समोर प्रमिला नव्या पातळात उभी होती, तोंड पांढरंफटक. माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहत होती. फेकतो की पितो, ते पाहत होती. पोटची पोर.

प्यायलो. सगळा तांब्या प्यायलो. म्हटलं, भरीत वाढा आणखी. साखरपुडा झाला.

पराट्यांच्या धुराने नाक बसलं असणार. नाहीतर मी चुकणं शक्यच नाही. पण मग ती आधीची दोन स्थळं, याच वांग्यापायी हाकललेली. तेव्हा नाक चांगलं होतं.

राग भयंकर आलाय. सगळी घरात आहेत. कोणावर काढावा ते सुचत नाही.